विसर सर्वांना सारखा पडत नाही

उतारवयात माणूस विसरू लागला, की ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून आपण विषय मिटवितो. स्मृतिभ्रंश हा मात्र वार्धक्याचा अटळ भाग नव्हे; तो मेंदूचा आजार आहे, आणि तो सर्वांना सारख्याच प्रमाणात गाठीत नाही. एका राष्ट्रीय पाहणीवरून २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार देशातील साठीपुढील सुमारे ८८ लाख व्यक्तींना, म्हणजे शंभरातील सातांहून अधिकांना, तो जडलेला आहे. शहरांपेक्षा खेड्यांत, पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शिकलेल्यांपेक्षा निरक्षरांत त्याचे प्रमाण जास्त आढळते.

याचे कारण नशिबात नाही. ‘लॅन्सेट’ आयोगाच्या २०२४ च्या अहवालात टाळता येण्याजोगे चौदा धोके सांगितले आहेत. अपुरे शिक्षण, उच्च रक्तदाब, मधुमेह, बहिरेपण, उपचाराविना राहिलेले दृष्टिदोष, प्रदूषित हवा, एकाकीपणा ही त्यांतील काही नावे. ही यादी वाचताना पेण-रोह्याच्या वाड्या डोळ्यांपुढे येतात. भाताची कापणी आटोपली की कित्येक कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. मुलांची शाळा तेथेच तुटते. म्हणजे पहिला धोका दहाव्या वर्षीच पदरी पडतो. आजीच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या, तर परक्या गावी त्या कोण देणार? घरी असतानाही चुलीचा धूर आहेच.

हमरापूर-जोह्यातील गणेशमूर्तींच्या कारखान्यांत डोळ्यांची आखणी हे सर्वांत नाजूक काम. तेथील कारागिराला स्वतःच्या मोतीबिंदूसाठी मात्र हंगाम संपण्याची वाट पाहावी लागते. रोजंदारीवर जगणाऱ्याच्या घरी तपासणी ही नेहमीच उद्याची गोष्ट असते, आणि त्याला हलगर्जीपणा म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

निदानातही विषमता आहे. तारीख विचारणे, आकृती काढून घेणे या चाचण्या शाळेत गेलेल्यांसाठी घडल्या. ज्या हाताने कधी पेन्सिल धरली नाही, त्याची परीक्षा आकृतीवरून कशी घ्यावी? हरियाणातील बल्लभगड येथे १९९० च्या दशकात निरक्षरांसाठी वेगळी हिंदी चाचणी तयार झाली, ती याच अडचणीतून. घरच्यांनीही साधे प्रश्न विचारावेत: राब कधी भाजायचा हे आई स्वतःहून सांगते का? नेहमीची भाजी करताना गोंधळते का? गेल्या वर्षी जे सहज जमत होते, ते यंदा अडते का?

एक दिलासाही आहे. हैदराबादेत २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दोन भाषा बोलणाऱ्यांना हा आजार सरासरी साडेचार वर्षे उशिरा झाल्याचे दिसले, आणि हा फरक निरक्षरांतही होता. घरी कातकरी व बाजारात मराठी बोलणारी आजी अडाणी नाही, हे यावरून ध्यानी यावे.

विस्मरण वाढत असल्यास पेण अथवा रोहा येथील उपजिल्हा रुग्णालयात दाखवावे. थायरॉइड, ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव वा नैराश्य यांमुळेही विसर पडतो, आणि त्यांवर उपचार आहेत. भट्टीवर निघण्यापूर्वी रक्तदाब व साखर तपासून घ्यावी, गोळ्यांचा साठा आणि तपासणीचा कागद सोबत न्यावा. ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय मदतवाहिनी १४५६७ या क्रमांकावर विनामूल्य आहे.