यंदा एक देखावा मुलांच्या पायांवर चालू द्या

गणपती मंडळांच्या कार्यकर्त्यांना आणि स्नेहसंमेलनाची तयारी करणाऱ्या बाई-सरांना एक विनंती आहे. ‘वीज वाचवा’ची चित्रस्पर्धा यंदा राहू द्या. मुलं बल्बला रडका चेहरा काढतात, बक्षीस घेतात आणि घरी रिकाम्या खोलीत पंखा फिरतच राहतो. दोष त्यांचा नाही. वीज म्हणजे किती, हे त्यांच्या अंगाला कधी कळलेलंच नसतं.

त्याऐवजी असा देखावा करा, जो मुलांनी पॅडल मारल्याशिवाय उजळणारच नाही. स्टँडवर जुनी सायकल, चाकाला जोडलेली मोटर आणि समोर पुठ्ठ्याचं गाव. देवळात गाडीच्या हेडलाइटचा ५५ वॅटचा बल्ब बसवा आणि गावभर ९ वॅटचे सहा एलईडी. एक बटण दाबलं की नुसतं देऊळ उजळेल, दुसरं दाबलं की अख्खं गाव. पायांना कष्ट मात्र जवळपास सारखेच! एकेक एलईडी विझवत गेलं की पॅडल हलकं होत जातं. ज्या पोराच्या मांड्यांना हे कळलं, त्याला वॅटची व्याख्या पाठ करावी लागणार नाही.

फेब्रुवारी २००८मध्ये हेलसिंकीत हेलन एव्हान्स आणि हायको हान्सेन या कलावंतांनी साल्मिसारी वीजकेंद्राच्या धुराड्यावरच्या ढगाभोवती हिरव्या लेझरनं आकृती रेखली होती. लोकांनी वीज कमी वापरली की ती मोठी व्हायची. आपल्याला लेझर नको, पण आपण काही केलं की समोरचं चित्र बदलतं, हा अनुभव मुलांना मिळायलाच हवा. म्हणून गाव रंगवायचं काम चित्रकलेच्या शिक्षकांकडेच द्या. ते देखणं नसेल, तर त्यासाठी घाम कोण गाळेल?

शेजारी हिशोब लिहा: तंदुरुस्त मोठा माणूस नेटानं पॅडल मारून साधारण १०० वॅट काढतो. अशी दहा माणसं तासभर राबली, की एक युनिट होतं. २००० वॅटचा गिझर ते अर्ध्या तासात संपवतो.

घरच्या मीटरवरचा लुकलुकणारा दिवाही मुलांना मोजू द्या, गिझर चालू असताना आणि बंद असताना. एका युनिटला तो किती वेळा लुकलुकतो, ते मीटरवरच छापलेलं असतं.

जोडणी जाणकार इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. सगळं १२ व्होल्टवरच ठेवा, मंडपाच्या वायरिंगला हात लावू नका आणि चाक-साखळीला जाळी बसवल्याशिवाय कुणालाही सायकलवर बसवू नका.