चिठ्ठ्या कोणी लिहिल्या?

लोकांना काय वाटते हे आता संगणकच सांगतो, मग गावबैठका कशाला, असे हल्ली आपल्याच काही सुशिक्षित मित्रांकडून ऐकावे लागते. पुराव्यादाखल ते ‘क्यू’ पद्धतीचे नाव घेतात.

ही पद्धत टाकाऊ नाही, हे प्रथम मान्य केले पाहिजे. विल्यम स्टीफन्सन या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने ती १९३५ साली मांडली. चाळीस-पन्नास विधानांच्या चिठ्ठ्या माणसाच्या हाती द्यायच्या. ‘अगदी अमान्य’पासून ‘अगदी मान्य’पर्यंत त्याने त्या लावायच्या, टोकांना थोड्या, मध्ये पुष्कळ. ज्यांची मांडणी जुळते त्यांचा दृष्टिकोन एक, असे घटक-विश्लेषणाने ठरते. हाताने करायची तर जिकिरीची ही आकडेमोड ‘पीक्यूमेथड’सारखी आज्ञावली क्षणात करते, आणि तीही फुकट.

परंतु चिठ्ठ्या कोणी लिहिल्या? धरणग्रस्तांपुढे मोबदल्याविषयीची पन्नास विधाने ठेवली आणि ‘धरणच नको’ ही चिठ्ठी गठ्ठ्यात नसली, तर जगातील कोणतीही आज्ञावली ते मत शोधून काढू शकणार नाही. त्यात मांडणीचा साचा आधीच ठरलेला! ज्याला दहा गोष्टी सारख्याच जीवनमरणाच्या वाटतात, त्यानेही टोकाला दोन-तीनच ठेवायच्या. घटक किती मानायचे, हेही शेवटी संशोधकच ठरवतो. विधाने लोकांच्या प्रत्यक्ष बोलण्यातून वेचावीत, हा स्टीफन्सनचाच आग्रह. घाईचे सल्लागार तो सोयीस्करपणे विसरतात. (१९५०च्या दशकात स्वतः स्टीफन्सनही काही वर्षे अमेरिकेत जाहिरात-संशोधनात होते, हेही ध्यानात असू द्यावे.)

याहून घातक गफलत निष्कर्षांच्या वाचनात होते. तीस-चाळीस माणसे हेतुपूर्वक निवडून केलेल्या अभ्यासातून कोणते दृष्टिकोन अस्तित्वात आहेत एवढेच कळते. कोणता किती लोकांचा, हे कळत नाही. एखाद्या घटकाने ३० टक्के विचरण स्पष्ट केले, म्हणजे मांडण्यांतील तेवढ्या फरकाचा उलगडा केला. ३० टक्के जनता त्या मताची आहे, असा त्याचा अर्थ मुळीच नव्हे. पण साहेबांच्या टेबलावर पोचेपर्यंत त्या आकड्याचे बहुमत-अल्पमत होऊन बसते, आणि मोर्चात आलेली हजारो माणसे ‘दृष्टिकोन क्रमांक तीन’ ठरतात.

असा अभ्यास घेऊन कोणी गावात आला तर कार्यकर्त्यांनी त्याला हाकलू नये. विधानांची यादी आधी मागून घ्यावी, ती ग्रामसभेत मोठ्याने वाचावी आणि काही चिठ्ठ्या कोऱ्या ठेवायला लावाव्यात.