घाण्याआधीचे ऊन

लाकडी घाण्याचे शेंगदाणा तेल पुन्हा घराघरांत येऊ लागले आहे. त्या तेलाचा वास, चव आणि गावातच उभा राहिलेला रोजगार, सारेच स्वागतार्ह आहे. तरीही एक प्रश्न टाळता येणार नाही: दाण्यावर बुरशी असेल तर काय?

ॲस्परजिलस फ्लेव्हस ही हिरवट-पिवळी बुरशी भुईमुगावर शेतातच बसू शकते. शेंगा भरताना पावसाने ताण दिला, टरफल चिरले किंवा शेंगा ओल्याच पोत्यात भरल्या की ती फोफावते आणि अफ्लाटॉक्सिन तयार करते. १९६० साली इंग्लंडमध्ये लाखभर टर्की पक्षी मेले, ते या विषाने दूषित शेंगदाणा पेंड खाऊन. हे विष माणसात यकृताचा कर्करोग घडवते, आणि घरच्या फोडणीच्या आचेने त्याचा पुरता नाश होत नाही.

इथे रिफाइंड तेलाची बाजू भक्कम आहे. कॉस्टिक सोड्याच्या प्रक्रियेत या विषाच्या रेणूतले लॅक्टोनचे कडे उघडते, ते पाण्यात विरघळते आणि धुऊन निघते. घाण्याच्या तेलाला हे संरक्षण नाही. त्यात तरंगणाऱ्या पेंडीच्या कणांबरोबर विषही उतरू शकते. पण रिफायनरीने सारे मिटते असेही नाही. विषाचा मोठा वाटा पेंडीत राहतो. ती पेंड गाय-म्हैस खाते आणि त्याचेच दुसरे रूप दुधात येते. म्हणजे तेल शुद्ध झाले तरी वाईट दाण्याची किंमत कुणीतरी मोजतोच.

मग घाण्यांवर कडक तपासणी लादावी का? पुढे प्रक्रिया होणाऱ्या शेंगदाण्यासाठी आपल्याकडे किलोमागे १५ मायक्रोग्रॅमची मर्यादा आहे, आणि ती हवीच. पण दर घाणीचा नमुना प्रयोगशाळेत पाठवणे लहान घाणेवाल्याला झेपणारे नाही. शिवाय विष मोजक्या दाण्यांत एकवटलेले असते. नमुन्यात ते दाणे आले नाहीत तर अहवालही फसवा ठरतो.

म्हणून भर उगमावर हवा. शेंग कानाशी धरून हलवावी. आत दाणा खुळखुळला तर ती वाळली. दाण्यातली ओल आठ टक्क्यांच्या खाली आली की बुरशीची वाढ थांबते. सुरकुतलेले, काळे पडलेले, किडके दाणे हाताने निवडून काढले तर विषाचा बराचसा भाग तिथेच बाजूला पडतो. मात्र ते दाणे पेंडीतही जाता कामा नयेत.

हे शेतकऱ्याला ठाऊक नाही असे नाही. पण वजनावर भाव ठरतो तिथे ओली शेंग जास्त पैसे देते आणि दोन दिवस जास्त ऊन देणारा तोट्यात जातो. बाजार समितीने ओल मोजून भाव द्यावा, कोरड्या मालाला जास्त. घाणेवाल्यानेही निवडलेल्या दाण्याचे दोन पैसे जास्त मोजावेत आणि ग्राहकाने ते तेलाच्या दरात स्वीकारावेत. घाण्याच्या तेलावरचा आपला विश्वास सार्थ ठरायचा, तर त्या जादा दोन दिवसांच्या उन्हाची मजुरी शेतकऱ्याच्या हातात पडायला हवी.