नवं शहर कोण बांधणार आणि कोणाच्या मजुरीवर?

झाशीला लागून एक नवं औद्योगिक शहर वसवायचं उत्तर प्रदेश सरकारने ठरवलं आहे. त्यासाठी २०२३ मध्ये बुंदेलखंड औद्योगिक विकास प्राधिकरण, म्हणजे ‘बिडा’, स्थापन झालं. झाशी जिल्ह्यातली ३३ गावं त्यासाठी निवडली गेली. १९७६ मध्ये नोएडा झालं, त्यानंतरचं हे पहिलं एवढं मोठं शहर, असं सरकार सांगतं. नोकरीनिमित्त मी झाशीत राहतो. चहाच्या टपरीवर हल्ली बोलणं प्लॉटच्या भावाचं असतं. मजुरीच्या भावाचं कोणी बोलत नाही.

माझे वडील गवंड्याच्या हाताखाली बिगारी होते, आई घमेली वाहायची. हे वाचणाऱ्या अनेकांच्या घरात असंच असणार. त्यामुळे शहर कसं दिसेल यापेक्षा ते कोणत्या मजुरीवर उभं राहील, हा आपला प्रश्न आहे.

मजुरी बाजार ठरवतो, असं अर्थशास्त्राच्या वर्गात शिकवलं जातं. रिझर्व्ह बँकेची आकडेवारी बघा. २०२२-२३ मध्ये ग्रामीण भागातल्या पुरुष बांधकाम मजुराला केरळमध्ये दिवसाला सरासरी ८५२ रुपये मिळत होते. देशाची सरासरी ३९३ होती आणि झाशीला तीन बाजूंनी लागून असलेल्या मध्य प्रदेशात फक्त २७८. वीट तीच, सिमेंट तेच, ऊनही तेच. मग मजुरीत तिपटीचा फरक कशामुळे? केरळमध्ये जमीन सुधारणा झाल्या, कामगार संघटना उभ्या राहिल्या, मजुरांची मुलं शाळेत गेली. नाही म्हणण्याची ताकद तिथल्या मजुराच्या हाती आली.

बुंदेलखंडात ती ताकद नाही, कारण जमीन नाही. २०११ च्या जनगणनेनुसार झाशी जिल्ह्यात अनुसूचित जातींची लोकसंख्या सुमारे २८ टक्के आहे. राज्यात ती २१ टक्क्यांच्या आसपास. ज्याच्याकडे दोन एकर ओलिताची जमीन आहे, तो कमी मजुरीला नकार देऊन चार दिवस घरी बसू शकतो. ज्याच्याकडे काहीच नाही, त्याला सकाळी लेबर चौकात जो आकडा बोलला जाईल त्यावर जावं लागतं, नाहीतर दिल्ली, सुरत, मुंबईची गाडी पकडावी लागते. मे २०२० मध्ये झाशीच्या रक्सा सीमेवर महाराष्ट्र आणि गुजरातमधून परतणाऱ्या हजारो मजुरांना अडवलं गेलं होतं. इतरांची घरं बांधणारी ही माणसं आपल्या घरी पोचण्यासाठी रस्त्यावर ताटकळत होती.

आता बिडाच्या जमिनीकडे या. जमीन आपसी सहमतीने विकत घेतली गेली, की व्यवहार सातबाऱ्यावर, म्हणजे इथल्या भाषेत खतौनीवर, नाव असलेल्या माणसाशी होतो. पैसा त्याला मिळतो. त्याच शेतात पिढ्यान् पिढ्या कापणी करणाऱ्या भूमिहीन कुटुंबाचं काम जातं आणि हाती काहीच येत नाही. २०१३ चा भूसंपादन कायदा अशा शेतमजुरालाही बाधित कुटुंब मानतो. पण संपादनाऐवजी खरेदी झाली, की ही तरतूद बहुतेक वेळा बाजूलाच राहते. म्हणजे जमिनीच्या वाढलेल्या भावाचा लाभ जातीच्या जुन्याच उतरंडीने वाटला जातो. आणि काम गेलेला मजूर त्याच जागेवर बिगारी म्हणून परत येतो.

कायदा नाही, असं नाही. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं सांभाळताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ मध्ये किमान वेतनाचं विधेयक मांडलं. १९४८ मध्ये त्याचा कायदा झाला. १९९६ मध्ये बांधकाम कामगारांसाठी स्वतंत्र कायदा आला आणि बांधकाम खर्चावर एक टक्का उपकर लागू झाला. पण मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नोंदवलं, की देशभरात ३७,४०० कोटींहून जास्त उपकर जमा झाला आणि त्यातले सुमारे ९,५०० कोटीच खर्च झाले. बाकी पैसा पडून होता.

तो मजुरापर्यंत का पोचत नाही? नोंदणीसाठी वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. तो ठेकेदाराने द्यायचा असतो आणि ठेकेदार मजुराचं नावच हजेरीपटावर घेत नाही. त्यात २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने स्वतःसाठी घर बांधणाऱ्याला असलेली सूट १० लाखांवरून ५० लाखांवर नेली. झाशीसारख्या शहरात प्लॉट घेऊन घर बांधणाऱ्या किती जणांचा खर्च ५० लाखांवर जातो? छोट्या शहरांतली बहुतेक घरं उपकराबाहेर गेली, तर तिथल्या मजुरासाठी जमा होणारा पैसाच आटेल.

म्हणून नव्या शहराकडे मागणं स्पष्ट हवं. प्रत्येक साइटवर मजुरीचा दर फळ्यावर लिहिलेला असावा. हजेरीपटावर नाव असल्याशिवाय ठेकेदाराचं बिल निघू नये. ३३ गावांतल्या भूमिहीनांची यादी जमीनमालकांच्या यादीसोबतच जाहीर व्हावी आणि त्यांना घरासाठी जागा मिळावी. बाईला पुरुषाइतकीच मजुरी मिळावी.

आपण शिकलो, म्हणून घमेल्यातून सुटलो. पण आपला काका, मावशी, शेजारी अजून परांचीवर आहेत. कायदा इंग्रजीत आणि अर्ज ऑनलाइन असताना त्यांच्यात आणि त्या पैशात आपणच उभे आहोत. या महिन्यात आपल्या वस्तीतल्या निदान एका मजुराची नोंदणी करून द्या. दाखला नाकारणाऱ्या ठेकेदाराची कामगार कार्यालयात लेखी तक्रार करा आणि पोच घ्या. पदवीचा उपयोग फक्त नोकरीच्या अर्जापुरता नसतो.

जय भीम.