मूल वाचतंय, पण त्याला कळतंय का? टिटवीच्या अंड्यांचा आणि वाचनाचा काय संबंध?

'अनुकूलन' हा शब्द तिसरीतल्या एखाद्या मुलाला वाचायला द्या. अक्षरओळख पक्की असेल तर अडखळत का होईना, तो वाचेल. मग विचारा, "म्हणजे काय रे?" बहुतेक वेळा उत्तर येणार नाही.

आपल्याकडची वाचनाची चर्चा पहिल्याच पायरीवर अडकते, आणि त्याला कारणही आहे. 'असर २०२४' अहवालानुसार ग्रामीण भारतातल्या सरकारी शाळांत तिसरीतली फक्त २३.४ टक्के मुलं दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकत होती. २०२२ मध्ये हे प्रमाण १६.३ टक्के होतं. म्हणजे सुधारणा आहे. पण ही चाचणी मोठ्याने वाचून दाखवण्याची आहे. २०२१ मध्ये सुरू झालेल्या 'निपुण भारत' मोहिमेचं लक्ष्य आहे तिसरीअखेर मिनिटाला किमान ६० शब्द, तेही अर्थासह. यातले शब्द मोजायला घड्याळ पुरतं. अर्थाचं काय?

अमेरिकेत १९८८ मध्ये एक गाजलेला प्रयोग झाला. मुलांना बेसबॉलच्या सामन्याबद्दलचा उतारा वाचायला दिला. वाचनात कच्ची, पण बेसबॉल माहीत असलेली मुलं वाचनात हुशार, पण खेळ न कळणाऱ्या मुलांपेक्षा सरस ठरली. आपल्याकडे क्रिकेटचा उतारा देऊन बघा, वेगळं काही होईल असं वाटत नाही.

हाच धागा हार्वर्ड विद्यापीठातले जेम्स किम आणि त्यांचे सहकारी पुढे नेत आहेत. नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लट शहरात त्यांनी पहिलीच्या मुलांसाठी धडे तयार केले. विषय एकच: प्राणी निसर्गात जगतात कसे? शिक्षक पुस्तक मोठ्याने वाचतात, मुलं अधिवास, भक्षक असे शब्द एकमेकांना जोडून त्यांचं जाळं काढतात, चर्चा करतात आणि आपलं मत कारणासह लिहितात. पहिल्या अभ्यासात विज्ञानातला शब्दसंग्रह आणि लेखन चांगलं सुधारलं, वाचनाच्या आकलनातला फायदा मात्र लहान होता. पुढे वर्षानुवर्षे विषय वाढवत नेल्यावर, थेट न शिकवलेल्या उताऱ्यांचं आकलनही सुधारल्याचं दिसलं. जादू नाही, पण दिशा स्पष्ट आहे.

असं का होत असावं? कारण मुलाच्या हाती सुटी माहिती नाही, तर एक चौकट येते. मराठीत त्यासाठी फार छान शब्द आहे: तग धरणं. उन्हाळ्यात बेडूक मातीत दडून तग धरतो. बिबट्या जुन्नरच्या उसात लपून तग धरतो. एकदा 'तग' कळला की दुष्काळातलं झाड, किल्ल्यातली शिबंदी, कसोटीत दिवसभर टिकलेला फलंदाज, सगळ्यांबद्दल वाचताना मूल तोच प्रश्न विचारू शकतं: धोका काय होता आणि उपाय काय केला?

राज्यात परिसर अभ्यास हा स्वतंत्र विषय तिसरीपासून येत आला आहे. त्याआधी भर भाषा आणि गणितावर. भाषेच्या तासाला प्राणी येतात, पण बरेचदा बोलणारा कोल्हा आणि लबाड माकड म्हणून. गोष्टी हव्यातच, वाद नाही. पण माळरानावरच्या मुलाने टिटवीची अंडी पाहिलेली असतात: उघड्या जमिनीवर, खड्यांच्याच रंगाची, नजरेला चटकन न सापडणारी. 'अनुकूलन' त्याला माहीत आहे, फक्त शब्द माहीत नाही.

साहित्याची अडचण पूर्वीइतकी नाही. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर'वर मराठी पुस्तकं मोफत मिळतात, त्यात प्राण्यांची माहिती देणारीही आहेत. खरी अडचण वेळेची आहे. एकाच वर्गात अक्षरं न येणारं मूल आणि धडाधडा वाचणारं मूल शेजारी बसलेलं असतं. पहिल्याला आधी अक्षरंच शिकवावी लागतील, त्याला पर्याय नाही. मात्र शिक्षक टिटवीबद्दल मोठ्याने वाचत असतील, तर ते ऐकायला आणि "अंडी दगडांसारखी का?" याचं उत्तर द्यायला त्यालाही अक्षरं येईपर्यंत थांबावं लागत नाही.