चौघांनीं उचललेली बाज

कफर्णहूमांतील पक्षाघाती मनुष्याची गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांस रविवारच्या शाळेपासून पाठ आहे. चौघांनीं त्याची बाज उचलली. दारांत गर्दी होती म्हणून ते छपरावर चढले, तें उकललें आणि बाज खालीं सोडली. हे चौघे एरव्हीं एकत्र प्रार्थनेस बसत कीं नाहीं, हें शुभवर्तमानकार सांगत नाहीं. एकट्याच्यानें मात्र ती बाज उचलवली नसती, एवढें उघड आहे. आमच्या मंडळ्यांत हल्लीं प्रार्थनेस बसणारे निराळे आणि बाज उचलणारे निराळे झाले आहेत. ही फारकत मोडावी, असें माझें मत आहे, व तें विद्यार्थ्यांपुढें आणि त्यांच्या पालकांपुढें ठेवण्याचें धाडस करतों.

कांहीं वर्षांपूर्वीं मी एका मंडळीच्या गृहप्रार्थनेच्या गटांत होतों. दर बुधवारीं आम्ही दहाबारा जण कोणाच्या तरी घरीं जमत असूं. गीत, वचन, प्रार्थना, शेवटीं चहा. आमच्यांतील एका बाईंच्या सासूबाई अंथरुणास खिळल्या होत्या. त्यांच्यासाठीं आम्हीं आठवड्यामागून आठवडे प्रार्थना केली. पुढें वर्गशिक्षकांकडून कळलें कीं, त्या घरची नववींतील मुलगी महिनाभर शाळेंत आलेलीच नाहीं. आई कामावर गेली म्हणजे आजीची कूस पालटविण्यास घरांत दुसरें कोणी नसे. आम्ही त्या घरींही प्रार्थनेस गेलों होतों. चहा त्या मुलीनेंच आणून दिला होता!

आमची प्रार्थना खोटी नव्हती. पण ‘दुपारीं आजीपाशीं कोण बसतें?’ असें विचारण्याची आमच्या बैठकींत रीतच नव्हती. भेटी देणें हें पाळकसाहेबांचें काम, अशी आमची समजूत. आणि त्यांच्या गळ्यांत तर चार गांवें. आमच्या तालुक्यांतील शेतकऱ्यास हें लवकर समजेल. गोदावरीच्या कालव्यास भरपूर पाणी आलें, तरी शेतांत दारें धरणारा नसला तर वाफा कोरडाच राहतो.

ही कल्पना नवी नाहीं. इ. स. १७४२ मध्यें इंग्लंडांतील ब्रिस्टल येथें जॉन वेस्लीच्या अनुयायांनीं आपल्या सभागृहाचें कर्ज फेडण्याकरितां सुमारें बारा बारा जणांचे वर्ग केले. वर्गाच्या म्होरक्यानें दर आठवड्यास प्रत्येकाकडून एक पेनी गोळा करावी, एवढाच मूळ हेतु. पण वर्गणीसाठीं घरीं गेलेल्या मनुष्यास त्या घराची खरी स्थिति दिसूं लागली, आणि कर्जफेडीची ती युक्ति एकमेकांची काळजी वाहण्याची रीत होऊन बसली.

इतकें दूर जावयासही नको. आपल्याच जिल्ह्यांत, जामखेड येथें, डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे ह्या ख्रिस्ती दांपत्यानें १९७० सालीं आरोग्याचें काम आरंभिलें. खेड्यांतील साध्या, पुष्कळदां निरक्षर अशा स्त्रियांस त्यांनीं आरोग्यसेविका केलें. त्यांचा १९७९ सालीं मॅगसेसे पुरस्कारानें गौरव झाला, हें पुष्कळांस ठाऊक आहे. पण मला महत्त्वाची वाटते ती दुसरीच गोष्ट. ह्या सेविकांस शिकवून एकट्या सोडलें नाहीं. त्या जामखेडीं पुन्हा पुन्हा एकत्र बसत, शिकत, एकमेकींच्या अडचणी ऐकत; आणि गांवांत शेतकरी मंडळ व महिला मंडळ त्यांच्या पाठीशीं असे. हें कांहीं मंडळीचें काम नव्हे, तेथें सर्व धर्मांचे लोक होते. तरी आम्हीं जें तोडलें तें तेथें जोडलेलें होतें.

येथें एक आक्षेप येतो, आणि तो क्षुल्लक नाहीं. कोपरगांवासारख्या शहरांत घरांतली गोष्ट दाराबाहेर पडली कीं संध्याकाळपर्यंत ती पुलापलीकडे जाते. नवऱ्याचें व्यसन, मुलीचें मोडलेलें लग्न, मनाचा तोल गेलेला भाऊ, हें सर्व दहा जणांत ‘प्रार्थनेचा विषय’ म्हणून मांडलें, तर ती प्रार्थना कीं चहाडी, हें सांगणें कठीण. म्हणून दुःख ऐकणारें माणूस एकच असावें. स्त्रीसाठीं स्त्री, पुरुषासाठीं पुरुष. गटास फक्त गरज कळावी. अमेरिकेंतील सेंट लुईस येथें केनेथ हॉक ह्या लुथरन पाळकानें १९७५ सालीं सामान्य सभासदांस हें काम शिकविण्यास आरंभ केला. तेथेंही शिकलेले सेवक लहान गटांत बसून आपल्या कामाचा विचार करतात, परंतु ज्याची सेवा चालली आहे त्याचें नांव तेथें उच्चारीत नाहींत.

मग गट हवा तरी कशास, असें कोणी म्हणेल. ऐकणाराही माणूसच आहे. सहा महिने एका मरणोन्मुखाच्या उशाशीं बसणारास आपलें मन कोठें तरी मोकळें करावें लागतें. नाहीं तर तोही एके दिवशीं अंथरूण धरतो, किंवा चुपचाप यावयाचा बंद होतो. शिवाय साखर कारखान्याच्या गळिताच्या हंगामांत ज्याची पाळी बदलली त्याच्या जागीं जाण्यास दुसरा लागतोच.

त्या मुलीचें वर्ष वांचलें नाहीं. पुढल्या जूनमध्यें ती पुन्हा नववींतच बसली. तोंपर्यंत आजी गेली होती. मी सध्यां ज्या गटांत जातों तेथें बुधवारीं गीताच्या आधीं एक वही उघडतात. तींत कोणाचें दुखणें लिहिलेलें नसतें. वार, वेळ, घर आणि कोण जाणार, एवढेंच असतें. गुरुवारची दुपार अजून रिकामी आहे.