पाचशे रुपयांत समुद्र

आमच्या रामदासपेठेत दर चार पावलांवर एका डॉक्टरची पाटी दिसते. तरीही इथून मालवणला स्कुबा करायला निघालेला एकही पठ्ठ्या आधी कानाच्या डॉक्टरकडे डोकावत नाही. त्याचे प्रश्न दोनच. "कितीत पडते बे? अन् व्हिडिओ देतात का?"

मोबाईल घेताना हीच मंडळी चाळीस रिव्ह्यू वाचतात, प्रोसेसरवरून तासभर भांडतात. श्वास मात्र ज्याचा फलक सर्वात स्वस्त, त्याच्या हवाली! म्हणून माझं म्हणणं स्पष्ट आहे: मालवण-तारकर्लीच्या स्कुबाचा खरा शत्रू समुद्र नाही, घासाघीस करणारं गिऱ्हाईक आहे.

"अरे, उथळ पाणी असते, काही होत नाही" हा लाडका युक्तिवाद. आता अकरावीचं फिजिक्स आठवा. दर दहा मीटरला दाब एका वातावरणाने वाढतो. म्हणजे पाच मीटरवर दीडपट, दहा मीटरवर दुप्पट. पाच मीटरवर छातीभर श्वास घेतला आणि घाबरून तो रोखून वर आलात, तर तीच हवा दीडपट जागा मागते. फुफ्फुस काही फुगा नाही. दाबातला सर्वात मोठा पटीतला फरक पहिल्या दहा मीटरमध्येच असतो, म्हणून "उथळ" या शब्दावर निर्धास्त होऊ नका. सर्दी झाली असेल तर कान मोकळे होत नाहीत आणि पडदा फाटू शकतो. दमा असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय उतरायचंच नाही.

आणि धोका फक्त पाण्याखालीच नसतो. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कुबा करून परतणारी पर्यटकांची बोट उलटली आणि दोन जणांचा जीव गेला. डाईव्ह संपली होती! म्हणून सेंटर निवडताना बोटही निवडायची असते. किती माणसं भरतात, लाइफ जॅकेट सगळ्यांना आहेत का आणि ती अंगावर चढवायला लावतात का, हे किनाऱ्यावर उभं राहूनच दिसतं.

तर मंडळी, पैसे देण्याआधी एवढं विचारा:

१. तब्येतीचा फॉर्म भरून घेता का? नसेल तर तिथूनच परत फिरा.
२. पाण्याखाली माझ्यासोबत एक माणूस फक्त माझ्यासाठी असेल का? त्याचं प्रशिक्षकाचं कार्ड कुठल्या संस्थेचं?
३. सिलिंडरची शेवटची दाबचाचणी कधी झाली? तारीख सिलिंडरवरच कोरलेली असते, वाचून घ्या. हवा भरायचा कॉम्प्रेसर धुराजवळ तर नाही ना?
४. बोटीवर इमर्जन्सीसाठी ऑक्सिजन आहे का?
५. काल पाणी किती स्पष्ट होतं? आणि आज खराब असेल तर डाईव्ह रद्द कराल का?

पाचवा प्रश्न माझा आवडता. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळची जागा किनाऱ्यालगत आणि उथळ, नवख्यासाठी बरी. पण भरती-ओहोटी आणि खाडीचा गाळ यांनी तिथलं पाणी बदलत राहतं. निळंशार पाणी हवं असेल तर कर्नाटकातलं नेत्राणी आहे, अंदमान आहे. मालवणकडून अंदमानचा फोटो मागू नका. जो "आज नको, उद्या या" म्हणतो, तो तुमचा माणूस.

यावर मित्र म्हणतात, "तिथल्या गरीब पोरांच्या पोटावर कशाला पाय देतो?" उलट आहे, साहेब. जो ऑक्सिजन ठेवतो, माणूस वाढवतो, मोजकेच पर्यटक नेतो, त्याचा दर जास्त असणारच. आपण शंभर रुपयांसाठी त्याला सोडून शेजारच्याकडे गेलो, की पुढच्या सीझनला तोही ऑक्सिजन काढून टाकतो. पोटावर पाय कोण देतंय मग? राज्याच्या पर्यटन महामंडळाने तारकर्लीत स्कुबा शिकवणारी संस्था काढली, स्थानिक मुलं हे कौशल्य शिकली. त्या कौशल्याचा भाव आपण वडापावच्या गाडीवर ठरवतो तसा ठरवायचा?

शेवटचा मुद्दा प्रवाळाचा. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं, अवघं २९ चौरस किलोमीटर. मासेमारी बंद होईल या भीतीने मच्छीमारांनी त्याला विरोध केला. ती भीती खोटी नव्हती, त्यांच्या चुलीचा प्रश्न होता. आणि आपण तिथे जाऊन काय करतो? पाव टाकून मासे गोळा करतो आणि व्हिडिओसाठी प्रवाळावर पाय रोवून उभे राहतो. प्रवाळ मेलं की मासे जातील, पर्यटकही जातील. नुकसान नागपुरात बसलेल्याचं होणार नाही, देवबाग-मालवणच्या घरांचं होईल.

सॉफ्टवेअरमध्ये चुकलं तर कालचा बॅकअप टाकता येतो. फुफ्फुसाचा बॅकअप कुणी ठेवत नाही, प्रवाळाचाही नाही.

या वर्षीची मालवणची तिकिटं निघाली असतील, तर आधी खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरला कान दाखवून या. व्हिडिओचं नंतर बघू.